कारखाना हलला, पण नेमकं काय हललं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बजाज ऑटोने २०२५ मध्ये केटीएम या ऑस्ट्रियन दुचाकी कंपनीचा ताबा घेतला, तेव्हापासून दुचाकीवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आहे. ही गाडी आता ऑस्ट्रियाची म्हणायची की बजाजचा कारखाना असलेल्या चाकणची? ट्रायम्फचं मोठं उत्पादन थायलंडला गेलं तेव्हा इंग्लंडमध्ये आणि हार्ले-डेव्हिडसनच्या काही गाड्या थायलंडला गेल्या तेव्हा अमेरिकेत हाच प्रश्न विचारला गेला, आणि रागाने विचारला गेला. आयुष्यभर एकाच नावाची गाडी चालवलेल्या माणसाला कारखाना परदेशी जाणं म्हणजे आपल्याला सोडून जाणं वाटतं. ती भावना खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. पण 'उत्पादन हललं' एवढं म्हटल्याने काहीच कळत नाही, कारण त्यात चार निरनिराळी कामं येतात. त्यातलं कोणतं हललं, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

पहिलं काम जुळवणीचं. सुटे भाग खोक्यातून येतात आणि लाइनवर गाडी उभी राहते. दुसरं काम मुख्य भाग घडवण्याचं: क्रँककेसचं (इंजिनच्या खालच्या कवचाचं) ओतकाम, सिलिंडरचं बोअरिंग आणि होनिंग (भोक मापात कोरणं आणि घासून गुळगुळीत करणं), फ्रेमचं वेल्डिंग. तिसरी व्हेंडरची (भाग पुरवणाऱ्यांची) साखळी, म्हणजे ब्रेक, फोर्क, वायरिंगचा हार्नेस, बेअरिंग, रबर कुणाकडून घ्यायचे ते. आणि चौथा, ड्रॉइंगवर सही करण्याचा अधिकार: एखाद्या भागाचं माप, धातू किंवा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) बदलायचा तर शेवटचा होकार कोणाचा? गाडीचा स्वभाव सगळ्यात जास्त या चौथ्या गोष्टीवर ठरतो, आणि चर्चेत तीच कधी येत नाही.

केटीएमचंच बघा. बजाजने त्या कंपनीत पहिली गुंतवणूक २००७ मध्ये केली. केटीएमची १२५ ड्यूक ही गाडी २०११ पासून चाकणमध्ये बनून युरोपात विकायला जाऊ लागली, पुढे २०० आणि ३९० आल्या, आणि जानेवारी २०२३ मध्ये चाकणच्या लाइनवरून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. त्या गाड्यांना लागणारे 'बायब्रे' ब्रेक म्हणजे ब्रेम्बोचाच लहान-मध्यम गाड्यांसाठीचा ब्रँड, आणि तेही पुणे परिसरातच बनतात. म्हणजे व्हिएन्नाच्या दुकानात उभी असलेली ३९० ड्यूक घडवणीने मराठी मुलखातलीच होती. घेणाऱ्याने मात्र ती ऑस्ट्रियन म्हणून घेतली. त्यात फसवणूक नव्हती, कारण ड्रॉइंग ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनची, म्हणजे केटीएमच्या मूळ गावची होती आणि चाचणीचे निकष तिथले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला, डिसेंबरात मॅटिगहोफेनची लाइन थांबली. मालकी बदलल्यामुळे चाकणच्या लाइनवरचा टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) बदलत नाही. बदलू शकतो तो होकाराचा अधिकार. ड्यूकच्या चाहत्यांनी काळजी करायचीच असेल तर ती याची करावी.

हार्लेचं प्रकरण जास्त बोलकं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. जून २०१८ मध्ये अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर लावलेल्या शुल्काला उत्तर म्हणून युरोपीय संघाने हार्लेवरचं आयात शुल्क ६ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर नेलं. एका गाडीमागे सरासरी २,२०० डॉलरचा बोजा पडेल, असा कंपनीचा हिशेब होता. युरोपसाठीचं उत्पादन अमेरिकेबाहेर नेऊ, असं कंपनीने २५ जून २०१८ रोजी जाहीर केलं आणि त्या गाड्या थायलंडच्या रायोंग इथल्या कारखान्यात गेल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत कॅन्सस सिटीचा कारखाना बंद करून काम पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला एकवटायचं ठरलं होतं. चाहत्यांच्या डोक्यात या दोन घटनांची एकच घटना झाली: इथलं बंद, तिथलं चालू. अध्यक्ष ट्रम्प यांनी तर गिऱ्हाइकांच्या बहिष्काराला जाहीर पाठिंबा दिला.

पुढचा भाग फारसा कुणाला माहीत नसतो. थायलंडहून आलेल्या गाड्या 'थायलंडच्या' आहेत असा निर्वाळा कंपनीने आधी बेल्जियमच्या सीमाशुल्क खात्याकडून मिळवला होता. युरोपीय आयोगाने तो रद्द करायला लावला. प्रकरण न्यायालयात गेलं. मार्च २०२३ मध्ये कंपनी हरली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने अपीलही फेटाळलं. कारण असं की, उत्पादन हलवण्याचा मुख्य हेतू शुल्क चुकवण्याचा असेल, तर ते हलवणं 'आर्थिकदृष्ट्या समर्थनीय' धरता येत नाही, आणि मग शेवटची जुळवणी दुसरीकडे झाली तरी वस्तूचं मूळ बदलत नाही. म्हणजे हार्लेच्या मिलवॉकी या गावचा चाहता ज्या गाडीला थाई म्हणून नाक मुरडत होता, तिला कायदा अमेरिकनच म्हणत होता. 'ही गाडी कुठली?' या प्रश्नाला कस्टम्सचं उत्तर वेगळं, जाहिरातीचं वेगळं आणि नटबोल्टचं वेगळं असतं, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. २०२४ मध्ये मात्र गोष्ट पुढे गेली. पॅन अमेरिका, स्पोर्टस्टर एस आणि नाइटस्टर या गाड्यांचं २०२५ चं मॉडेल खुद्द अमेरिकेतल्या विक्रीसाठीही थायलंडमध्ये बनवायचं ठरलं. इथे युरोपचं शुल्क हे कारण उरत नाही, आणि कामगार संघटनेचा राग रास्त होता असं माझं मत आहे.

या निष्ठेची दुसरी बाजूही पाहू. १९६९ ते १९८१ हार्ले ही एएमएफ नावाच्या कंपनीच्या मालकीची होती. कारखाने अमेरिकेतच, कामगार अमेरिकन, आणि तरी त्या काळातल्या गाड्या तेलगळतीसाठी बदनाम झाल्या. एप्रिल १९८३ मध्ये रेगन सरकारने ७०० सीसीवरच्या आयात गाड्यांचं शुल्क ४.४ वरून ४९.४ टक्के केलं. जपान्यांनी उत्तर म्हणून ७०० च्या किंचित आतली इंजिनं आणली. हार्ले सावरली ती नुसत्या शुल्काने नव्हे. कंपनीने जपानी कारखान्यांची पद्धत उचलली: माल लागेल तेव्हाच मागवायचा, यंत्रावरच्या माणसाने स्वतः मापं घेऊन आलेख ठेवायचा, दोष दिसला तर लाइन थांबवायची. १९८४ मध्ये नवं इव्होल्यूशन इंजिन आलं, आणि १९८७ मध्ये कंपनीने स्वतःहूनच 'आता शुल्क नको' म्हटलं. त्याच काळात होंडाची गोल्ड विंग ओहायोतल्या मेरीसव्हिलमध्ये बनत होती. हार्लेवाला तिला जपानी म्हणून हिणवत होता आणि त्याच्या स्वतःच्या गाडीत कार्ब्युरेटर जपानी केहिनचा होता.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर आपल्याकडचं 'जपान इंजिन' आठवावं. यामाहा आरएक्स १०० एस्कॉर्ट्सने १९८५ च्या सुमारास आणली, सुरुवातीच्या खेपा जपानहून सुट्या भागांत आल्या. आजही जुन्या गाडीच्या सौद्यात 'इंजिन जपान आहे' म्हटलं की भाव चढतो. पण त्या गाडीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५० मिलिमीटर. सिलिंडर झिजल्यावर एकदा रीबोअर झाला, म्हणजे पुन्हा कोरला, की पिस्टन ०.२५ मिलिमीटरने मोठा पडतो, मग ०.५०, ०.७५, आणि १.०० पर्यंत. चाळीस वर्षांच्या गाडीत क्रँक निदान एकदा उघडलेला असतो, कनेक्टिंग रॉडचा किट बदललेला असतो, बेअरिंगं आणि ऑइल सील बदललेली असतात. म्हणजे 'जपान' ही अक्षरं ओतकामाच्या कवचावर उरतात आणि आतलं सगळं इथलं असतं. गाडी छान पळत असेल तर ते बोअर सरळ मारणाऱ्या आणि क्रँकचा रनआऊट (फिरतानाची वाकडी चाल) डायल गेजवर तपासणाऱ्या फिटरचं श्रेय. राजदूत ३५० च्या 'हाय टॉर्क' या सुरुवातीच्या आवृत्तीसाठी आजही वेडे होणाऱ्यांना हे पटणार नाही, पण ते खरं आहे.

आता मूळ मुद्दा. उत्पादन एका जागेहून दुसऱ्या जागी जातं तेव्हा बिघडतं काय? कामगाराचा देश बदलल्याने फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते प्रक्रियेत, आणि ठरावीक ठिकाणी.

क्रँककेसचा डाय (ओतकामाचा साचा) जहाजावर चढवून नेता येतो. तो ज्या मशीनवर चालत होता त्या मशीनच्या सवयी नेता येत नाहीत. दाबाचं टनेज वेगळं, वितळलेला धातू ढकलणाऱ्या प्लंजरचा वेग वेगळा, डायला थंड करणाऱ्या पाण्याचं तापमान वेगळं, की ॲल्युमिनियम निराळ्या क्रमाने गोठतं. बोल्टसाठीच्या जाड उंचवट्याच्या (बॉसच्या) पोटात बारीक पोकळ्या राहतात. हवेच्या दाबाच्या लीक टेस्टमध्ये काही पकडल्या जातात, काही रेझिन भरून बुजवल्या जातात. उरलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी जातात आणि इंजिन शे-दोनशे वेळा तापून-गार झाल्यावर बोल्टच्या भोकाशी किंवा तेलाच्या गॅलरीशी ओल दिसते. गॅरेजवाला गॅस्केट बदलतो. पुन्हा ओल येते. दोष गॅस्केटचा नसतोच.

दुसरी जागा बोल्टची. टॉर्क तोच ठेवला तरी बोल्टवरचा लेप बदलला की ताण बदलतो. लावलेल्या टॉर्कचा साधारण दहावा हिस्सा बोल्ट ताणायला जातो, निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात. नव्या व्हेंडरने जस्ताच्या लेपावर वेगळं सीलर मारलं, घर्षण कमी झालं, की ड्रॉइंगवरच्या २५ न्यूटन-मीटरलाच ॲल्युमिनियमचे आटे ओढले जातात. घर्षण वाढलं तर तोच बोल्ट ढिला राहून कंपनाने सुटतो. कागदावर सगळं 'ओके' असतं.

तिसरी, वायर हार्नेस. वायरवर दाबून बसवलेल्या टर्मिनलच्या जोडाची, म्हणजे क्रिंपची, उंची एखाद्या दशांश मिलिमीटरने चुकली की टर्मिनल धरतं, पण नीट धरत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर हिरवा गंज आणि मग कधी सुरू होणारी, कधी न होणारी गाडी. हँडल वळवताना हेडस्टॉकपाशी (हँडलचा दांडा फ्रेममध्ये बसतो तिथे) हार्नेस घासतो तो भाग सगळ्यांत आधी बघावा. स्टार्टर दाबलेला असताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनचं उघडं धातू यांमध्ये मल्टिमीटर लावला आणि अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला, तर अर्थिंगमध्ये खोट आहे.

चांगली कंपनी यासाठी काय करते तेही ठाऊक असावं. नव्या जागेतल्या पहिल्या नगांची सगळी मापं जुन्या नगांशी ताडते, पायलट लॉट (चाचणीची छोटी खेप) चालवते, महत्त्वाच्या मापांची प्रोसेस कॅपॅबिलिटी (माप मर्यादेत किती नेमाने राहतं याचा आकडा) निदान १.३३, सुरक्षेच्या भागांना १.६७ मागते, आणि जुनी लाइन काही महिने समांतर चालू ठेवते. घाई करणारी कंपनी यातलं शेवटचं आधी गाळते, कारण दोन लाइन चालवणं महाग पडतं. म्हणूनच हललेल्या मॉडेलचे पहिले सहा-आठ महिने थांबावं, असं मी कुणालाही सांगेन. घेतलीच, तर पहिल्या सर्व्हिसला कोनसेटचा (हँडलच्या बेअरिंगचा) ताण, चेनचा ढिलेपणा, एक्झॉस्टचे आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट समोर उभं राहून तपासून घ्यावेत.

रॉयल एनफिल्डचं उदाहरण सगळ्यांत पूर्ण आहे, कारण तिथे चारही कामं हलली आणि नंतर एक परत गेलं. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडमधला रेडिच कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, १९७० पर्यंत इंग्लंडमधलं उरलंसुरलं उत्पादनही थांबलं, आणि १९७७ मध्ये बुलेट भारतातून इंग्लंडला विकायला जाऊ लागली. लेक माहेरी पाहुणी म्हणून गेली म्हणा. पुढे कंपनीने इंग्लंडमधली हॅरिस परफॉर्मन्स ही चॅसीबांधणीतली नावाजलेली कंपनी २०१५ मध्ये घेतली, लेस्टरशायरमधल्या ब्रंटिंगथॉर्पला तंत्रकेंद्र उघडलं, आणि २०१८ ची ६५० ट्विन त्यातून आली. घडवण तामिळनाडूत, चॅसीचं डोकं इंग्लंडमध्ये. आज इंग्लंडमधला जुना एनफिल्डवाला ही गाडी आपली मानतो, कारण ती रस्त्यावर सरळ चालते आणि तिचे भाग मिळतात.

आपल्याही कंपन्या बाहेर जात आहेत. बजाजने २०२४ मध्ये ब्राझीलच्या मनाउसमध्ये कारखाना सुरू केला, हिरोचा कोलंबियात आहे. कारण तेच, आयात शुल्क. देशातल्या देशातही हे घडतं: २००७ मध्ये बजाजचं आकुर्डीचं उत्पादन थांबलं आणि उत्तराखंडातल्या करसवलतीच्या पंतनगरला नवा कारखाना चालू झाला. आकुर्डीच्या कामगारांचं दुःख कॅन्सस सिटीच्या कामगारांपेक्षा वेगळं नव्हतं. तेव्हा गिऱ्हाइकाने मात्र पल्सर कुठल्या कारखान्यातली आहे हे विचारलंसुद्धा नाही.

गिऱ्हाइकाला स्वतः काय कळू शकतं? चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. सुरुवात एमए ते एमई असेल तर भारत, एमएल ते एमआर थायलंड, जे जपान, व्हीए ते व्हीई ऑस्ट्रिया, एसए ते एसएम ब्रिटन, आणि १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका. पण सावध: ही अक्षरं गाडीची जबाबदारी घेणारी कंपनी सांगतात, लाइन सांगतीलच असं नाही. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचावा. ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. गाडीवरची उत्पादनाची तारीख आणि टायरची तारीख यांत वर्षभराचं अंतर असेल तर माल कुठेतरी पडून होता. समुद्रमार्गे आलेल्या गाडीत ब्रेक डिस्कच्या बोल्टची डोकी आणि चेनचे साइड लिंक आधी गंजतात, ते बघावेत.

आणि बुकिंगच्या आधी डीलरला पाच भागांचे भाग-क्रमांक, किंमत आणि मिळायला लागणारे दिवस लेखी मागावेत: क्लच प्लेटचा संच, पुढचा ब्रेक लिव्हर, हेडलॅम्प, मुख्य हार्नेस, आणि डाव्या बाजूचं क्रँककेस. पहिले दोन सगळ्यांकडे असतात. शेवटच्या दोनांवर डीलर गप्प झाला तर समजावं की त्या गाडीचं इंजिन अजून दुसऱ्याच देशात आहे. सप्टेंबर २०२० मध्ये हार्लेने हरियाणातला बावलचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा इथल्या मालकांची पहिली काळजी भागांचीच होती. पुढे हिरो मोटोकॉर्पशी करार होऊन विक्री-सेवा चालू राहिली म्हणून निभावलं.

आपल्या वृत्तपत्रामार्फत एक मागणी मांडायची आहे. आयात केलेल्या ब्रेक पॅडच्या पाकिटावर उत्पादनाचा देश छापावा लागतो. तीन-चार लाखांच्या गाडीवर मात्र तिचं इंजिन कुठे ओतलं आणि जुळवणी कुठे झाली, हे कुठेही लिहिलेलं नसतं. अमेरिकेतही मोटारींवर देशी भागांचं प्रमाण सांगणारं लेबल लागतं, मोटारसायकली त्यातून सुटल्या आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मालकाच्या पुस्तिकेत चार ओळी सक्तीच्या कराव्यात: इंजिनचं ओतकाम आणि यंत्रण कुठे, अंतिम जुळवणी कुठे, ड्रॉइंग बदलण्याचा अधिकार कोणाकडे, आणि उत्पादन थांबल्यावर सुटे भाग किती वर्षं देणार. उत्पादन हललं तर नव्या जागेचा पहिला चेसिस नंबर कंपनीने संकेतस्थळावर जाहीर करावा. हा नंबर प्रत्येक कंपनीच्या गुणवत्ता विभागात आजही नोंदलेला असतो.

आपला,
वाहन उद्योगातल्या गुणवत्ता विभागात काम करणारा एक वाचक